८९ सेकंदांचं पुनरागमन

वसईतल्या आमच्या राजोडीत रविवारची मिस्सा सुटते तेव्हा लास वेगासमध्ये शनिवारची रात्र ऐन रंगात असते. उन्हाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेबारा तास पुढं, हिवाळ्यात साडेतेरा. त्यामुळं हेवीवेट बॉक्सिंगच्या मोठाल्या लढती आमच्या लेखी रविवारी सकाळी व्हायच्या आणि निकाल सोमवारच्या पेपरातून ओट्यावर यायचा. २० ऑगस्ट १९९५ च्या रविवारी तसंच झालं. बलात्काराच्या गुन्ह्यात तीन वर्षं तुरुंगात काढून आलेला माईक टायसन चार वर्षांनी रिंगमध्ये उतरला होता. सोमवारी कळलं, की लढत ८९ सेकंदांत आटोपली. आमच्या शेजारचे काका पेपर गुडघ्यावर ठेवून म्हणाले, ‘‘एवढ्या वेळात पावाला लोणी लावून होत नाही.’’

या बाबतीत काकांच्या शब्दाला वजन होतं. ते जहाजावर नोकरीला होते आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका खेपेला त्यांनी टायसनच्या लढतींची व्हिडिओ कॅसेट आणली होती. व्हीसीआर भाड्यानं आणायचा, मोठी माणसं खुर्च्यांवर, आम्ही पोरं खाली, आणि पडद्यावर एकामागून एक धिप्पाड गडी आडवे. कोण कुठल्या दोरीवर जाऊन पडणार, हे आम्हाला पाठ झालं होतं. काका मात्र बटण दाबून कॅसेट पुन्हा मागं न्यायचे. ‘‘ठोसा काय बघता? त्याच्या आधी डोकं कुठं होतं ते बघा.’’ आम्हाला अर्थातच ठोसाच बघायचा असायचा.

टायसनची उमेदीची वर्षं तुरुंगानं खाल्ली, असं नेहमी सांगितलं जातं. आत गेला तेव्हा तो २५ वर्षांचा होता, बाहेर आला तेव्हा २८ चा. हिशेब बरोबर वाटतो. पण त्या कॅसेटमधला टायसन आणि १९९५ नंतरचा टायसन शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की वाटतं, जे हरवलं ते तुरुंगाच्या फाटकाबाहेरच, त्याच्या कितीतरी आधी हरवलं होतं. पुनरागमनाचा सगळा बाजार ही गोष्ट झाकण्यासाठी मांडला गेला.

टायसन न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल या वस्तीत वाढला. कबुतरांचा भारी नाद. एका थोराड पोरानं त्याच्या कबुतराची मान मुरगाळली आणि त्यावरून आपण आयुष्यातली पहिली मारामारी केली, असं त्यानं स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. चोऱ्यामाऱ्या करत तो ट्रायन नावाच्या सुधारगृहात पोचला. तिथं बॉबी स्टुअर्ट हा एकेकाळचा बॉक्सर नोकरीला होता. त्यानं पोराला १९८० मध्ये कॅट्सकिल या छोट्या गावी कस डमाटो नावाच्या म्हाताऱ्याकडं नेलं. डमाटोनं त्याआधी फ्लॉइड पॅटरसनला १९५६ मध्ये जगज्जेता केलं होतं. त्याची व्यायामशाळा गावातल्या पोलिस ठाण्याच्या वरच्या मजल्यावर होती, हा योगायोग मला फार आवडतो.

डमाटोला प्रशिक्षक म्हणण्यापेक्षा वस्ताद म्हणावं. पोराला घरात ठेवायचं, जेवू घालायचं, त्याच्याशी रात्री उशिरापर्यंत भीतीबद्दल बोलायचं. कोल्हापूरच्या तालमीतला जुना वस्ताद यापेक्षा फार वेगळं काही करत नसे. टायसनची आई वारली, तेव्हा डमाटो त्याचा कायदेशीर पालक झाला.

त्याची पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दोन्ही मुठी गालांना चिकटवायच्या, कोपरं बरगड्यांशी, आणि डोकं सतत हलतं ठेवायचं. डावीकडं, उजवीकडं, खाली, पुन्हा वर. समोरच्याचा ठोसा कानाजवळून गेला पाहिजे आणि तो जात असतानाच आपला निघाला पाहिजे. सरावासाठी गादी गुंडाळून केलेली एक उभी पिशवी होती. ‘विली’ तिचं नाव. तिच्यावर माणसाचा आकार काढून जबडा, यकृत, बरगड्या अशा जागांना आकडे दिलेले. कोपऱ्यातून कुणीतरी आकडे ओरडायचं आणि पोरानं विचार न करता त्या क्रमानं ठोसे टाकायचे. पाढे घोकतात तसं. टायसन हेवीवेटमध्ये बुटकाच, जेमतेम पाच फूट दहा इंच. त्याच्याहून अर्धा फूट उंच माणसांच्या लांब हातांतून आत शिरायचं, तर हे डोकं हलवणं हाच त्याचा रस्ता होता. ठोशातली ताकद त्या रस्त्याच्या शेवटाला उभी असायची.

डमाटो ४ नोव्हेंबर १९८५ ला गेला. शिष्य जगज्जेता झालेला त्यानं पाहिला नाही. त्याच्या हाताखालचा केव्हिन रूनी मग कोपऱ्यात उभा राहू लागला आणि २२ नोव्हेंबर १९८६ ला, वयाच्या २० व्या वर्षी, टायसननं ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत लोळवलं. इतक्या लहान वयात हेवीवेटचं जगज्जेतेपद कुणीच मिळवलं नव्हतं. पुढच्या वर्षभरात तिन्ही प्रमुख संघटनांचे पट्टे त्याच्याकडं आले. २७ जून १९८८ ला अटलांटिक सिटीत त्यानं मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं. स्पिंक्स तोवर एकही लढत हरला नव्हता. काकांच्या कॅसेटमधली शेवटची लढत हीच.

खरं तर टायसनचीही तिथंच संपली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये व्यवस्थापक जिम जेकब्स वारला होता. वर्ष संपण्याच्या आत टायसननं रूनीला काढून टाकलं, दुसरा व्यवस्थापक बिल केटन याच्याशी कोर्टबाजी सुरू केली, रॉबिन गिव्हन्सशी झालेलं लग्न चव्हाट्यावर आलं, आणि या सगळ्यात डॉन किंग घरात शिरला.

डॉन किंगबद्दल इथंच सांगून टाकतो. केस विजेचा झटका बसल्यासारखे उभे, तोंडात शेक्सपिअर, बोटांत हिरे. हा माणूस क्लीव्हलंडचा, आकड्यांच्या धंद्यातला. आपल्याकडच्या मटक्याच्या जातीचा धंदा. १९६६ मध्ये त्यानं उधारीवरून सॅम गॅरेट नावाच्या आपल्याच माणसाला भर रस्त्यात लाथाबुक्क्यांनी मारलं आणि तो मेला. किंग जवळजवळ चार वर्षं तुरुंगात होता. तिथं त्यानं भरपूर वाचलं आणि १९७१ मध्ये बाहेर पडल्यावर तीन वर्षांत महंमद अली आणि जॉर्ज फोरमन यांना झाईरला नेऊन झुंजवलं. १९८३ मध्ये ओहायोच्या गव्हर्नरनं त्याला माफीही दिली. तुरुंगातून परत येऊन यशस्वी झालेला माणूस या गोष्टीत शोधायचा झाला, तर तो हा.

११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत टायसन बस्टर डग्लसकडून दहाव्या फेरीत हरला. डग्लसवर ४२ ला १ असा भाव होता. लढतीत टायसनचा डोळा सुजत गेला. सूज दाबायला बर्फात थंड केलेली लोखंडी पट्टी लागते. ती बॉक्सरच्या कोपऱ्यात नसणं म्हणजे न्हाव्याकडं वस्तरा नसणं. टायसनच्या कोपऱ्यातल्या मंडळींनी ती आणलीच नव्हती. त्यांनी रबरी हातमोज्यात गार पाणी भरलं आणि तो फुगा त्याच्या डोळ्यावर धरून बसले. ज्या माणसाला एकेकाळी आकडे ओरडून सांगणारे लोक होते, त्याच्याभोवती आता ही वरात होती. डोकं हलायचं थांबलं होतं. डग्लसचे सरळ ठोसे त्याच्या तोंडावर एकामागून एक बसत होते. तुरुंगाला अजून दोन वर्षं अवकाश होता.

जुलै १९९१ मध्ये इंडियानापोलिसला कृष्णवर्णीय तरुणींची सौंदर्यस्पर्धा होती. तिथं पाहुणा म्हणून गेलेल्या टायसननं १८ वर्षांच्या एका स्पर्धक मुलीला हॉटेलच्या खोलीत नेऊन तिच्यावर बलात्कार केला. १० फेब्रुवारी १९९२ ला ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं. न्यायाधीश पॅट्रिशिया गिफर्ड यांनी दहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्यातली चार स्थगित, सहा भोगायची. चांगल्या वर्तणुकीची सूट धरून ती तीनवर आली. कैदी क्रमांक ९२२३३५, इंडियाना यूथ सेंटर, प्लेनफील्ड. टायसननं गुन्हा कधीही कबूल केला नाही, अपिलं फेटाळली गेली. मला यात जास्त काही सांगायचं नाही, एवढंच, की पुढच्या पाच वर्षांत त्याच्याबद्दल लाखो शब्द छापले गेले आणि त्या मुलीची आठवण त्यांत चुकूनमाकून यायची, आली तरी बहुतेकदा संशयानं.

तुरुंगात तो मुसलमान झाला. पुस्तकं वाचू लागला. माओचा चेहरा एका दंडावर आणि टेनिसपटू आर्थर अ‍ॅशचा दुसऱ्या दंडावर गोंदवून घेतला. माओ आणि अ‍ॅश! एकाच माणसाच्या दोन दंडांवर यांहून विजोड जोडी बसणं कठीण, पण वाचनाची नवलाई लागलेल्या माणसाचं असं होतं खरं.

हेवीवेटच्या इतिहासात तुरुंग काही नवा नव्हता. पहिला काळा जगज्जेता जॅक जॉन्सन. त्याला १९१३ मध्ये गोऱ्या बाईसोबत राज्याची हद्द ओलांडल्याबद्दल शिक्षा झाली. तो परदेशी पळाला, हवानात २६ फेऱ्या लढून विजेतेपद गमावलं, १९२० मध्ये परत येऊन हजर झाला आणि जवळजवळ वर्षभर लेव्हनवर्थच्या तुरुंगात राहिला. तिथं कैद्यांसमोर लढलासुद्धा. जुलै १९२१ मध्ये सुटला, तेव्हा ४३ वर्षांचा होता. विजेतेपदाची संधी त्याला पुन्हा कुणी दिली नाही. सरकारनं माफी दिली, ती २०१८ मध्ये. तो जाऊन ७२ वर्षं होत आली होती.

सनी लिस्टनचं उलट. तो बॉक्सिंग शिकला तेच मिसुरीच्या तुरुंगात, आणि त्याला हातमोजे घालायला लावले ते तिथल्या कॅथलिक धर्मगुरूंनी, फादर अलोइस स्टीव्हन्स यांनी. (आमच्या गावात ही गोष्ट सांगितली की लोकांची मान अभिमानानं ताठ होते, जसे काही फादर आमच्या शेजारच्या नंदाखालचेच.) पुढं पोलिसाला मारल्याबद्दल लिस्टन पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला आणि १९६२ मध्ये पॅटरसनला पहिल्याच फेरीत पाडून जगज्जेता झाला. महंमद अलीला पाच वर्षांची शिक्षा झाली होती, पण अपील चालू असल्यानं तो तुरुंगात गेलाच नाही. त्याची साडेतीन वर्षं गेली, ती परवाना नसल्यामुळं. तो परतला, तेव्हा त्याचे पाय मंदावले होते आणि मार खाण्याची ताकद त्यानं नव्यानं कमावली. त्याची किंमत त्यानं पुढं मोजली.

२५ मार्च १९९५ ची पहाट. प्लेनफील्डच्या फाटकाबाहेर कॅमेऱ्यांची रांग. टायसन डोक्यावर पांढरी विणलेली टोपी घालून बाहेर आला. शेजारी डॉन किंग. तिथून गाड्या जवळच्या मशिदीत गेल्या आणि तिथं नमाजाला महंमद अली हजर होता. हात थरथरणारा, बोलणं जवळजवळ थांबलेला अली आणि शेजारी २८ वर्षांचा टायसन. त्या दिवशीच्या सगळ्या चित्रांत मला हे एकच पाहावंसं वाटतं. किंगच्या डोक्यात तोवर पुढचे करार झालेले होते. एमजीएम ग्रँड हे लास वेगासचं हॉटेल आणि शोटाइम ही वाहिनी यांच्याशी अनेक लढतींचा सौदा ठरला.

जूनमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्याची स्वागतयात्रा काढायचं घाटत होतं. पुढाकार रेव्हरंड अल शार्प्टन यांचा. तुरुंगातून सुटलेल्या दादाला हारतुरे घालून उघड्या जीपमधून मिरवणं आपल्याकडंही अनेकांनी पाहिलं आहे. आमच्या वसईत तर ते दिवस दहशतीचेच होते. जमिनी बळकावणाऱ्यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, ती त्याच काळातली. त्यामुळं हार्लेममध्ये जे झालं त्याचं मला अप्रूप वाटतं. तिथल्याच काळ्या समाजातल्या स्त्रिया आणि पुरुष, पत्रकार जिल नेल्सन त्यांच्यात पुढं, मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. आमच्या मुलींवर हात टाकणारा आमचा नायक कसा, हा त्यांचा सवाल होता. आपल्याच माणसाबद्दल आपल्याच वस्तीत असं विचारायला छाती लागते. यात्रेचा बेत बराच आखडता घ्यावा लागला आणि अपोलो थिएटरसमोरच्या कार्यक्रमावर भागलं.

कुस्तीच्या फडात जोड लावणारा माणूस फार महत्त्वाचा. कुणाची कुणाशी लावायची, यातच निम्मा निकाल असतो. किंगनं पुनरागमनासाठी जी जोड लावली, ती पाहून आपल्याकडच्या एखाद्या जत्रेत लोकांनी दगड मारले असते. पीटर मॅकनीली, मॅसॅच्युसेट्सचा गोरा, उत्साही गडी. ३६ लढती जिंकून एकच हरलेला. पण ज्यांना हरवलं त्यांची नावं त्यांच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. त्याचा बाप टॉम मॅकनीली १९६१ मध्ये पॅटरसनशी विजेतेपदासाठी लढला होता आणि पुन्हापुन्हा खाली पडला होता.

घंटा झाली तसा मॅकनीली कोपऱ्यातून धावतच सुटला. काही सेकंदांत खाली. उठला आणि सुटलेल्या वासरासारखा रिंगभर पळाला. पंच मिल्स लेन यांनी त्याला धरून उभं केलं, डोळ्यांत पाहिलं, लढत पुन्हा सुरू केली. तो पुन्हा टायसनच्या अंगावर गेला, पुन्हा खाली. तेवढ्यात त्याचा व्यवस्थापक व्हिनी वेकिओनी दोरीखालून आत घुसला. कोपऱ्यातला माणूस आत आला की लढत संपते, मॅकनीली बाद. ८९ सेकंद. टायसनला या रात्रीचे अडीच कोटी डॉलर मिळाले. अमेरिकेत १५ लाखांवर घरांनी पैसे भरून हे पाहिलं. स्टेडियममधल्या लोकांनी शिव्यांचा गजर केला. वेकिओनीच्या वाट्याची रक्कम नेवाडाच्या क्रीडा आयोगानं काही काळ अडकवून ठेवली. मॅकनीलीला पिझ्झाची जाहिरात मिळाली.

वेकिओनीला तेव्हा सगळ्यांनी हसून घेतलं. मला तो त्या रात्रीचा एकटा शहाणा माणूस वाटतो. आपलं पोरगं शुद्धीवर असताना त्यानं घरी नेलं.

दुसरी लढत १६ डिसेंबरला फिलाडेल्फियात, बस्टर मॅथिस ज्युनियरशी. याचाही बाप नावाजलेला बॉक्सर, फ्रेझियर आणि अली या दोघांशी लढलेला. तो सप्टेंबरमध्येच वारला होता. मॅथिस गोलमटोल, पण चपळ. दोन फेऱ्या तो टायसनच्या कुशीत शिरून नुसता डुलत राहिला आणि टायसनचे ठोसे हवेत जात राहिले. तिसऱ्या फेरीत एक बसला, मॅथिस पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हवेत गेलेले ठोसे कुणी मोजले नाहीत.

१६ मार्च १९९६ ला इंग्लंडचा फ्रँक ब्रूनो. हा तरी जगज्जेता होता, पण टायसनकडून १९८९ मध्ये मार खाल्लेला. रिंगकडं येताना ब्रूनो छातीवर क्रूस काढत होता. एकदा नाही, दोनदा नाही. चालता चालता सारखा, हात थांबेचना. आमच्याकडं वादळात सापडलेल्या होडीवरचा माणूस एवढे क्रूस काढत नाही. काका म्हणाले, ‘‘हा हरून आलाय.’’ तिसऱ्या फेरीत पंच लेन यांनी लढत थांबवली. ब्रूनो पुन्हा कधी लढला नाही.

आता टायसनकडं पट्टा आला आणि पट्ट्याबरोबर लेनॉक्स लुईसशी लढायची जबाबदारी. लुईस सहा फूट पाच इंच, शांत डोक्याचा, धोकादायक. त्याला ४० लाख डॉलर देऊन बाजूला उभं राहायला सांगितलं गेलं. न लढण्याचे एवढे पैसे! आणि टायसन ७ सप्टेंबरला दुसऱ्या संघटनेच्या पट्ट्यासाठी ब्रूस सेल्डनशी लढला. सेल्डन १०९ सेकंदांत आडवा. ज्या ठोशानं तो पडला, तो त्याला लागला तरी का, यावर आजही वाद घालता येतो. नुरा कुस्ती आहे म्हणून प्रेक्षक ओरडत होते. लढत पाहायला आलेला गायक टुपॅक शकूर त्याच रात्री लास वेगासच्या रस्त्यावर गोळ्या लागून कोसळला आणि सहा दिवसांनी गेला. त्या गदारोळात लढतीबद्दल बोलायला कुणाला वेळ राहिला नाही.

एका दुपारी मी पेन्सिल घेऊन बेरीज केली होती. या चार लढती मिळून टायसन रिंगमध्ये १९ मिनिटांहून कमी वेळ होता. चार वर्षं न लढलेला माणूस, १३ महिन्यांत जेमतेम १९ मिनिटं लढून दोन वेळा ‘जगज्जेता’. आपल्याकडं पैलवान जायबंदी होऊन परतला, तर वस्ताद त्याला सहा महिने तालमीतल्या पोरांशी लढवतो, मग गावची जत्रा, मग जिल्हा, आणि मग कुठं मैदान. इथं कोपऱ्यात होता तो डमाटोच्याच घरात वाढलेला जे ब्राइट. पण टायसनला दटावायची त्याची ना जात, ना हिंमत. आकडे ओरडणारा कुणी उरला नव्हता. तो आता एकेक ठोसा टाकायचा, सगळं बळ एकवटून, डोकं मध्यावर स्थिर ठेवून.

समोर मॅथिस किंवा सेल्डन असला, की हे चालतं. ९ नोव्हेंबर १९९६ ला समोर इव्हँडर होलीफील्ड होता.

ही लढत खरं तर पाच वर्षं उशिरा झाली. नोव्हेंबर १९९१ साठी ती ठरली होती. टायसनची बरगडी दुखावली, मग खटला आला. मधल्या काळात होलीफील्डचं बरं चाललं नव्हतं. १९९४ मध्ये डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं म्हणून तो निवृत्त झाला, मग परतला. या लढतीआधी त्याला मेयो क्लिनिकमध्ये तपासून घेऊन मगच परवाना दिला गेला. सट्टेबाजांनी सुरुवातीला होलीफील्डवर २५ ला १ भाव लावला. एखाद्याचा जीव जाईल, असं लोक गंभीरपणे बोलत होते.

पहिल्या फेरीतच काहीतरी वेगळं दिसलं. टायसननं ठोसा मारला, होलीफील्ड मागं सरला नाही. बिलगला, आणि मग दोन्ही हातांनी टायसनला मागं ढकललं. गर्दीच्या लोकलमध्ये दारात उभा असलेला माणूस ढकलतो, तसं. रागानं नाही, जागा करायला. टायसनला मागच्या पावलानं लढता येत नव्हतं, कुणी शिकवलंच नव्हतं. मागं गेला, की त्याचे पाय जुळायचे आणि डोकं उघडं पडायचं. दोघांची डोकी एकमेकांवर आदळत होती, त्यात टायसनच्या भुवईला जखम झाली. सहाव्या फेरीत डाव्या ठोशानं तो खाली बसला. दहावीच्या शेवटी दोरीला टेकून मार खात होता. अकराव्या फेरीच्या ३७ व्या सेकंदाला पंच मिच हाल्पर्न यांनी त्याला कवेत घेतलं. साडेतीस मिनिटं. आधीच्या चार लढतींच्या एकूण वेळेपेक्षाही जास्त.

लढतीनंतर टायसन पत्रकारांसमोर आला आणि त्यानं होलीफील्डशी हात मिळवला, मनापासून कौतुक केलं. पुनरागमनाच्या सगळ्या काळात एवढा एकच प्रसंग आहे, जिथं तो मला कुणाच्याही मालकीचा वाटत नाही.

त्याला तिथं थांबता आलं असतं. पण ३ कोटी डॉलर्सची परत लढत ठरली, २८ जून १९९७. सहा वर्षांपूर्वी याच तारखेला तो तुरुंगाआधीची शेवटची लढत जिंकला होता. पंच म्हणून हाल्पर्न नको, असं टायसनच्या माणसांनी धरून बसून बदलून घेतलं, आणि आले कोण? मिल्स लेन. मॅकनीलीच्या वेळचे.

आमच्याकडं रविवार, २९ जूनची सकाळ. दुसऱ्या फेरीत पुन्हा डोकं लागून टायसनच्या उजव्या डोळ्यावर चीर पडली. तिसऱ्या फेरीला तो कोपऱ्यातून निघाला तो दातांवरचं रबरी कवच न घालताच; होलीफील्डनं ते पंचांना दाखवलं आणि त्याला परत पाठवून कवच घालायला लावलं. त्यानं ते काही वेळानं थुंकून टाकलं आणि होलीफील्डच्या उजव्या कानाचा वरचा तुकडा तोडला. होलीफील्ड वेदनेनं उड्या मारत फिरला. लेन लढत तिथंच थांबवणार होते, पण डॉक्टरांनी होलीफील्ड लढू शकतो असं सांगितलं. दोन गुण कापून पुन्हा सुरू. टायसननं दुसरा कान चावला. मग मात्र बाद. रिंगमध्ये पोलिस, बाटल्यांचा मारा. कानाचा तुकडा नंतर तिथल्या एका कर्मचाऱ्याला सापडला.

९ जुलैला नेवाडाच्या आयोगानं परवाना काढून घेतला आणि ३० लाख डॉलर दंड केला. मानधनाच्या दहा टक्के. नियमानं तेवढाच करता येत होता. पुनरागमन संपलं.

नंतरचं भराभर सांगतो. ऑक्टोबर १९९८ मध्ये परवाना मिळाला. फेब्रुवारी १९९९ मध्ये मेरीलँडमध्ये दोन मोटारचालकांना मारहाण केल्याबद्दल एका वर्षाची शिक्षा. साडेतीन महिन्यांनी सुटका. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुन्हा रिंग, आणि घंटेनंतर ठोसा मारल्यानं लढत रद्द. यालाही पुनरागमन म्हणायचं तर म्हणा, आता मशिदीत अली नव्हता. २००२ मध्ये मेम्फिसला लेनॉक्स लुईसनं त्याला आठव्या फेरीत झोपवलं. २००३ मध्ये दिवाळं. डॉन किंगवर १० कोटी डॉलर्सचा दावा लावला होता, तो १ कोटी ४० लाखांवर मिटला. ११ जून २००५ ला केव्हिन मॅकब्राइड नावाच्या मामुली आयरिश बॉक्सरसमोर सहावी फेरी संपल्यावर तो स्टुलावर बसला आणि उठला नाही.

१६ नोव्हेंबर २०२४ च्या सकाळी, टेक्ससमध्ये शुक्रवारची रात्र असताना, ५८ वर्षांचा टायसन २७ वर्षांच्या जेक पॉलशी लढला. दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या. आमच्या घरी आता खुर्च्या मांडाव्या लागत नाहीत. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून मी पाहिली. काका नाहीत. त्यांची कॅसेट माझ्याकडं आहे, पण खाऱ्या हवेत फितीला बुरशी लागून ती केव्हाच बाद झाली. पहिल्या फेरीत टायसननं डोकं दोनदा हलवलं, डावीकडं आणि उजवीकडं, जुनं, ओळखीचं. मग पाय थांबले. आठ फेऱ्यांत त्याचे १८ ठोसे लागले. बाकी वेळ तो समोरच्याकडं पाहत, दोन्ही हात तोंडाशी धरून, आपलाच हातमोजा चावत होता.